आधी पाया मोज

प्रिय,

त्रिकोणांची साखळी मांडून तू लांबचं अंतर काढतोयस. प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांवर बसते, तरी शेवटचं अंतर नकाशापेक्षा कमी भरतं. मग सगळ्या लांब्यांना एका आकड्याने गुणायचं का? अजिबात नाही. आधी पाया मोज.

पाया म्हणजे आधाररेषा, जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पहिली रेषा; बाकीची अंतरं तिच्यावरून कोनांनी काढतात. ती चुकली की सगळे त्रिकोण सारख्याच प्रमाणात लहान किंवा मोठे होतात. कोनांच्या बेरजेत ते दिसतच नाही! ३२८ मीटरच्या रेषेत १० सेंटिमीटर चुकले, तर १३० किलोमीटरवर ४० मीटरचा घोळ होतो.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेब्रॉर्ड स्नेलकडे बघ. तिथल्याच विद्यापीठात वडिलांच्या जागी गणित शिकवणारा हा माणूस १६१५ मध्ये आल्कमार ते बर्गेन-ऑप-झोम अंतर काढायला निघाला. सपाट मुलखात डोंगर कुठले? चर्चचे मनोरे धरले. पहिली रेषा जेमतेम ८७ दांड्यांची, एक दांडा पावणेचार मीटरचा. तिच्यावरून मोठी रेषा, तिच्यावरून आणखी मोठी, अशी साखळी. आणि आपलं घर नेमकं कुठे आहे, हेसुद्धा त्याने गृहीत धरलं नाही. गावातल्या तीन मनोऱ्यांमधले कोन घरूनच मोजले आणि घराची जागा गणिताने काढली. तू तर पहिली खुंटीच अंदाजाने ठोकलीस!

१६१७ च्या पुस्तकात त्याने पृथ्वीवरचा अक्षांशाचा एक अंश २८,५०० दांडे, म्हणजे सुमारे १०७ किलोमीटर दिला. हवा होता १११. कोनांत चुका होत्या, आकडेमोडीतही होत्या. त्या कळल्यावर त्याने गुणक लावला नाही. १६२२ च्या हिवाळ्यात लायडनभोवतीची पाणी भरलेली कुरणं गोठली, तेव्हा त्या बर्फावर नवी आधाररेषा मोजली. १६२६ मध्ये तो गेला. सुधारलेलं काम १७२९ मध्ये मुशेनब्रुक या डच शास्त्रज्ञाने छापलं. याची मला फार हळहळ वाटते, म्हणूनच तुझ्यामागे एवढा लागलोय. हट्टी म्हण हवं तर.

तुझं अंतर कमी भरतंय, म्हणजे दुपारच्या उन्हात पोलादी टेप लांबली असेल. तीस मीटरची टेप १० अंश तापली की साडेतीन मिलिमीटर वाढते आणि तेवढं माप कमी दाखवते. पण तुझा फरक याहून बराच मोठा आहे. मोजताना एखादी अख्खी टेप गाळली गेली का, ते आधी बघ. टेपचा झोल आणि जमिनीचा चढ उलट अंतर जास्त दाखवतात.

सकाळी लवकर, सारख्याच ताणाने, जाताना आणि येताना मोज. दोन्ही आकडे मला पाठव, गुणक न लावता.