डीबीएस करायचं, तर कोणत्या पैशातून?

प्रश्न : माझे यजमान ६६ वर्षांचे आहेत, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. सिन्डोपा दिवसातून सहा वेळा, शिवाय प्रामिपेक्सोल, एन्टाकापोन, अमँटाडीन. औषधांना महिन्याला साडेसात हजार लागतात. तरी रोजचे पाच-सहा तास ‘ऑफ’मध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरलेल्या अवस्थेत, जातात, आणि गोळी चढली की हातपाय वळवळत राहतात. डॉक्टरांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन; मेंदूत इलेक्ट्रोड आणि छातीत बॅटरी बसवायचं ऑपरेशन) सुचवलं आहे. अंदाजपत्रक साध्या बॅटरीचं ११.५ लाख, चार्जिंगच्या बॅटरीचं १५.५ लाख. साधी बॅटरी बदलायची वेळ आली की आजच्या भावाने ५.५ लाख. आरोग्य विमा १० लाखांचा, आजाराच्या आधीपासूनचा; प्रत सोबत जोडली आहे. माझी पेन्शन ३४ हजार. यजमानांचे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (८.२ टक्के), एफडी ९ लाख, माझ्या नावे इक्विटी फंडात १३ लाख (गुंतवलेले ७). घरखर्च औषधांसकट ५२ हजार. मुलगा म्हणतो सासवडचा प्लॉट विकू. भाऊ म्हणतात, एवढे घालण्यापेक्षा गोळ्या बऱ्या.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी तुमच्या भावांचं म्हणणं बघू. गोळ्या की ऑपरेशन, असा हा सौदाच नाही, कारण ऑपरेशननंतरही गोळ्या चालूच राहतात. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या भागात इलेक्ट्रोड बसवले तर औषधं साधारण ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतात. तुमच्या बाबतीत पैसे वाचले तर महिन्याला तीन हजार, वर्षाला ३६ हजार. या हिशेबाने १५ लाख कधीच वसूल होणार नाहीत. वसुली मोजायची ती तासांत. रोजच्या पाच-सहा ‘ऑफ’ तासांपैकी किती परत मिळतील आणि त्यामुळे पूर्ण वेळच्या मदतनीसाची गरज किती वर्षं पुढे जाईल, हे बघायचं. ते किती मिळेल याचा अंदाज एफडी मोडण्याआधी घेता येतो.

त्यासाठी लेवोडोपा (सिन्डोपातलं मुख्य औषध) चाचणी असते. आदल्या रात्रीपासून, डॉक्टर सांगतील तशी, साधारण १२ तास गोळी बंद ठेवतात. सकाळी हालचालींचे गुण मोजतात, मग नेहमीपेक्षा थोडा मोठा डोस देऊन पुन्हा मोजतात. सुधारणा निदान ३० टक्के हवी. (ही गोळी घरी स्वतःहून अशी बंद करू नका, अचानक बंद केल्यास ताप, ताठरपणा आणि थेट आयसीयू अशी वेळ येऊ शकते.) सोबत एमआरआय आणि स्मरणशक्ती-मनःस्थितीची तपासणी. ढोबळ नियम असा की गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं; कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी बऱ्याचदा कमी होतो. म्हणून एक आठवडा वहीत नोंद ठेवा : किती वाजता गोळी, किती वाजता चढली, कधी उतरली, तोल कधी गेला. ‘ऑफ’मध्ये पाय खिळत असतील तर आशा आहे. गोळी पूर्ण चढलेली असतानाही पडत असतील, किंवा मुख्य तक्रार आवाज आणि गिळण्याची असेल, तर त्यासाठी १५ लाख घालू नका. आजार पुढे सरकणं डीबीएसने थांबत नाही, हेही मुलाला स्पष्ट सांगा.

त्याच आठवड्यात एक फुकटचा उपाय करून बघा. गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि डाळ-उसळ-पनीरचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात. प्रथिनं आणि लेवोडोपा यांची आतड्यात शोषून घेताना स्पर्धा होते; काहींचा दुपारचा ‘ऑफ’ एवढ्यानेही कमी होतो.

आता विमा. डीबीएस हा विमा नियामकाने २०१९मध्ये नावानिशी दिलेल्या बारा आधुनिक उपचारांपैकी एक आहे, त्यामुळे ‘हे आमच्यात बसत नाही’ असं कंपनीला सरसकट म्हणता येत नाही. पण त्यावर उपमर्यादा लावायची मुभा आहे. तुमच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. म्हणजे हातात १० नव्हे, ५ लाख धरा. खोलीच्या भाड्याची मर्यादाही पाहा : मर्यादेबाहेरची खोली घेतली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी या खर्चातही त्या प्रमाणात कपात होते. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. बिलात लावलेली दिसली तर तिथेच हरकत घ्या. पूर्वमंजुरी मागताना अंदाजपत्रकात इलेक्ट्रोड, जोडवायर, छातीतला पल्स जनरेटर (म्हणजेच बॅटरी), रिमोट आणि चार्जर वेगवेगळे लिहून मागा. शेवटच्या दोन वस्तू शरीराबाहेरच्या म्हणून नाकारल्या जाण्याची शक्यता असते. नंतरचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे यंत्राची जुळवणी, पहिले काही महिने वारंवार होतं; पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे जेवढे दिवस आहेत, तेवढ्यातल्या पावत्या जपून ठेवा. आणि नव्या कंपनीच्या स्वस्त हप्त्याला भुलून ही पॉलिसी सोडू नका. नव्याने विमा घेताना पार्किन्सन्स कायमचा वगळायची परवानगी कंपन्यांना आहे.

बॅटरीचा निर्णय मला सोपा वाटतो. फरक चार लाखांचा आहे, आणि साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. पहिल्याच बदलीला ५.५ लाख गेले की साधी बॅटरी महाग पडली. महागाई आणि एफडीचं करोत्तर व्याज सारखंच धरलं, तर पंधरा वर्षांत तीन बदल्या म्हणजे आजच्या रुपयांत ११.५ अधिक १६.५, एकूण २८ लाख. चार्जिंगची बॅटरी १५ वर्षं किंवा जास्त टिकते. शिवाय प्रत्येक बदली म्हणजे पुन्हा चिरफाड, पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका आणि पुन्हा ५० टक्क्यांची उपमर्यादा. फक्त चार्जिंगचं काम नियमित करावं लागतं, आणि पुढेमागे ते तुमच्याच गळ्यात पडणार आहे. बॅटरी पूर्ण उतरली तर जुनी लक्षणं एकदम, जोरात परततात. हे जमणार नाही असं वाटत असेल तरच साधी घ्या.

पैसे असे उभे करा. १५.५ वजा ५, म्हणजे १०.५ लाख. प्रोग्रॅमिंगच्या फेऱ्या आणि किरकोळ धरून ११.२५. ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावू नका : तिथून महिन्याला सरासरी २०,५०० येतात, पेन्शन मिळवून ५४,५००, आणि खर्च ५२,०००. घर त्यावरच चाललं आहे. एफडीतून ५.७५ आणि फंडातून ५.५ काढा. फंड एकदम विकला तर सुमारे अडीच लाखांचा दीर्घकालीन नफा होईल. सव्वा लाखापर्यंत करमुक्त, उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे १६ हजारांच्या आसपास. ऑपरेशनची तारीख एप्रिलमध्ये असेल तर निम्मे युनिट ३१ मार्चआधी आणि निम्मे नंतर विका, तो कर जवळजवळ उरणार नाही. मागे ३.२५ लाखांची एफडी आणि ७.५ लाखांचा फंड राहील. एफडी अजिबात संपवू नका. मेंदूत रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होतो. जंतुसंसर्ग त्याहून थोडा अधिक, आणि तो झाला तर यंत्र काढून, काही महिने थांबून पुन्हा बसवावं लागू शकतं. ती रक्कम याच एफडीतून यायची आहे.

कुणी आयकरातली उपचारखर्चाची (८०डीडीबी) एक लाखाची वजावट दाखवली असेल तर ती तुमच्या उपयोगाची नाही. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, विम्याची रक्कम वजा करून मिळते, आणि तुमच्या पेन्शनवर नव्या प्रणालीत तसाही कर बसत नाही. स्टेम सेलच्या जाहिरातींना एक रुपयाही नको.

आता यजमानांच्या नावावरच्या खात्यांबद्दल. प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. घरच्यांना कळतं ते स्टेटमेंट पाहून. त्यांच्या डीमॅट खात्यावर फ्युचर्स-ऑप्शन्स चालू असेल तर बंद करा, कार्डाची मर्यादा कमी करा, आणि ऑनलाइन रमी किंवा मध्यरात्रीची ऑर्डर दिसली तर आधी डॉक्टरांना फोन करा, भांडण नको. दुसरं म्हणजे सही. अक्षर बारीक होत जातं आणि चेक परत येऊ लागतात. ऑपरेशनआधी, गोळी चढलेली असताना, त्यांना बँकेत नेऊन नवी सही नोंदवा आणि खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी करून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं.

फिजिओथेरपिस्टला डीबीएस आहे हे पहिल्याच दिवशी सांगा. डायथर्मीचा शेक या यंत्रासह कायमचा वर्ज्य आहे.

सासवडचा प्लॉट या ऑपरेशनसाठी विकायची गरज नाही. घाईत विकलेल्या जमिनीला भाव येत नाही. पण सातबारा, मोजणी आणि वारस नोंदी आत्ताच नीट करून ठेवा, म्हणजे चार-पाच वर्षांनी पूर्ण वेळचा मदतनीस लागला तर तो शांतपणे विकता येईल.