'चढदी कला' आणि आपली 'उतरती कळा'

प्रश्न थोडक्यात असा. नांदेडला शिखांच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन आलेल्या एका वाचकांच्या कानावर तिथे 'चढदी कला' हे शब्द सारखे पडत होते. अरदास, म्हणजे शिखांची सामूहिक प्रार्थना, संपताना ते आले, आणि जोडेघरातल्या सेवादारांना सहज "कसे आहात?" विचारलं तर उत्तर म्हणूनही तेच आले. घरी येऊन लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी 'चारदी कला' असं लिहिलं आणि पुढे कंसात 'सकारात्मक विचारसरणी' असा अर्थ दिला. आता ते विचारतात की शब्द बरोबर लिहिला आहे का, यातली कला म्हणजे चित्रकला-नृत्यकलेतलीच का, आणि मराठीत याला नेमकं काय म्हणावं?

'चारदी' हे रोमन अक्षरांवरून उतरवताना झालेलं आहे, ते काढून टाका. शब्द सरळ 'चढणे'चा आहे. पंजाबी बोलताना त्यातला 'ह'कार विरतो आणि आधीच्या स्वराचा सूर उंच जातो, म्हणून मराठी कानाला 'चर्दी'सारखं काहीतरी ऐकू येतं. मराठीत लिहिताना 'चढदी कला' लिहावं. हिंदीत ढखाली नुक्ता देतात, आपल्याला त्याची गरज नाही.

हा 'दी' आपल्याला परका वाटतो, पण आहे घरचाच. संस्कृतातल्या 'न्त'चा पंजाबीत 'न्द' किंवा 'द' झाला, मराठीत 'त' राहिला. आपला दात तिकडे 'दंद' असतो, आपला पाच 'पंज'. तसंच आपलं करता, वाहता, चढता तिकडे करदा, वहिंदा, चढदा होतं. म्हणजे 'चढदी कला' अक्षरशः 'चढती कळा'. पंजाबीत सूर्यही 'चढतो', म्हणून पूर्वेला 'चढदा' आणि पश्चिमेला 'लहिंदा', उतरणारा, म्हणतात. भारतातल्या पंजाबला 'चढदा पंजाब' आणि पाकिस्तानातल्या पंजाबला 'लहिंदा पंजाब' म्हणायची रीत आजही आहे. गंमत म्हणजे कलेच्या बाबतीत चढदीचं उलट 'लहिंदी' होत नाही. तिथे म्हणतात 'ढहिंदी कला', भिंत ढासळावी तशी ढासळणारी.

आता कला. ही चित्रकलेतली नव्हे. चंद्राच्या सोळा कलांमधली जी कला, तिचाच अर्थ पुढे तेज, सामर्थ्य असा वाढत गेला. गुरू अर्जनदेवांच्या 'सुखमनी' या रचनेत परमेश्वराला 'सरब कला भरपूर' म्हटलंय, म्हणजे सर्व शक्तींनी भरलेला. मराठीत हाच शब्द 'कळा' होऊन राहिला. चेहऱ्यावरची कळा, अवकळा, प्रेतकळा. आणि अर्थातच उतरती कळा.

इथे मला नेहमी थोडं ओशाळल्यासारखं होतं. 'उतरती कळा' आपण दिवसातून दोनदा वापरतो, गावातल्या वाचनालयापासून क्रिकेटच्या संघापर्यंत कशालाही ती लागते. 'चढती कळा' मात्र बोलण्यात जवळपास येतच नाही. चढती आपल्याकडे कमान असते किंवा भाजणी. शिवाय 'कळा' म्हटलं की मराठी माणसाला आधी बाळंतपणाच्या कळा आठवतात, तो वेगळा शब्द आहे तरी. त्यामुळे 'सेवादार चढत्या कळांमध्ये होते' असं कुणी भाषांतर केलं तर वाचक रुग्णवाहिका शोधायला लागेल.

पण खरा फरक या शब्दांत नाही, त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांत आहे. मराठीत उतरती कळा 'लागते'. कीड लागते, दृष्ट लागते, आग लागते, तशी. ती बाहेरून येते आणि आपण तिचे धनी होतो. पंजाबीत म्हणतात 'चढदी कला विच रहिणा', म्हणजे चढत्या कळेत 'राहणे'. निरोप देताना म्हणतात, 'चढदी कला विच रहो'. घरात राहावं तसं. आपली कळा ही परिस्थितीची आहे: धंदा बुडाला, कळा उतरली. त्यांची कळा परिस्थितीला विचारून चढत नाही.

हे मला व्याकरणातून कळलं नाही, लसणातून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी नांदेडच्या एका लंगरात मी सकाळी लसूण सोलायला बसलो होतो. शेजारी सत्तरीचे एक बाबाजी, उजवा पाय प्लास्टरमध्ये, तो एका पालथ्या पातेल्यावर टेकवलेला. नांदेडात जन्म गेलेला, त्यामुळे मराठी अस्सल तिकडची. मी विचारलं, "बाबाजी, कसं काय?" पाकळीवरून नजर न काढता म्हणाले, "पाय मोडलाय. बाकी चढदी कला." 'तरीही' नाही, 'देवाच्या कृपेने' नाही, 'चाललंय' तर नाहीच. एका वाक्यात पायाचा हिशेब, दुसऱ्यात स्वतःचा, आणि दोन्हींची सरमिसळ नाही. तेवढ्यात पंगतीत कुणीतरी "प्रशादा जी!" करत पोळ्या वाढत गेला (गुरुद्वाऱ्यात पोळीला प्रशादाच म्हणतात), आणि बाबाजींनी माझ्यापुढे लसणाचा आणखी एक ढीग लोटला.

गुरू ग्रंथ साहिबात कबीरांचा एक सलोक, म्हणजे दोहा, आहे, त्यात आपले नामदेव संत त्रिलोचनाला उत्तर देतात: 'हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि'. हातपाय सगळं काम करोत, चित्त निरंजनाबरोबर असो. नामदेव शिंपी, त्यामुळे हात रिकामे ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतंच. चढदी कला ही डोळे मिटून मिळवायची समाधी आहे का, असा उपप्रश्न पत्रात होता. नाही. ती लसूण सोलताना असायची गोष्ट आहे.

हा शब्द इतका घट्ट का झाला ते पाहायचं तर अठराव्या शतकात जावं लागतं. लाहोरच्या सुभेदारांनी शिखांच्या डोक्यावर इनामं लावली होती आणि माणसं रानावनात, घोड्याच्या पाठीवर जगत होती. त्या काळाशी जोडलेली खालशाची, म्हणजे शीख पंथाची, एक बोली आहे, निहंग हे शस्त्रधारी शीख ती अजून बोलतात. तिच्यात भाजलेल्या चण्यांना 'बदाम' म्हणतात आणि कांद्याला 'रूपा', म्हणजे चांदी. एकटा शीख येत असेल तर 'सवा लाख' आले. आंधळा तो 'सूरमा'. शिधा संपला तर 'लंगर मस्त झाला'. आणि कुणी मेलं तर त्याने 'चढाई केली', पुन्हा तेच चढणे. याला कुणी फुशारकी म्हणेल. मला ती भाषेने केलेली नाकाबंदी वाटते: उपासमार दारात आली तरी तिला तिच्या नावाने आत यायला परवानगी नाही.

मीर मन्नू 1748 ते 1753 लाहोरचा सुभेदार होता. त्याच्या कत्तलींवर लोकांनी रचलेलं कवन पंजाबात आजही तोंडी आहे:

मन्नू साडी दातरी, असीं मन्नू दे सोए,
ज्यों ज्यों मन्नू वढदा, असीं दूण सवाए होए.

मन्नू आमचा विळा आणि आम्ही त्याचा शेपू, जसजसा कापतो तसतसे आम्ही दुप्पट-सव्वापट उगवतो. होय, 'सोए' म्हणजे शेपूच, आपल्याकडे घरात भांडणं लावणारी ती भाजी. आंब्याचं झाड नाही, वड नाही, शेपू. कापून घेण्यासाठीच असलेली पालेभाजी उपमेला घेणं यात मला तत्त्वज्ञानापेक्षा शेतकरी जास्त दिसतो.

जाता जाता एक. जानेवारी 1761 मध्ये अब्दालीने पानिपतावर आपली पिढी कापली, आणि फेब्रुवारी 1762 मध्ये त्याच अब्दालीने मालेरकोटल्याजवळ हजारो शिखांना, बायकापोरांसकट, कापलं. त्याला 'वड्डा घल्लूघारा' म्हणतात. आपण त्यानंतर 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार केला. माधवरावांच्या काळात मराठे पुन्हा उभे राहिले, पण त्या उभं राहण्याला मात्र वाक्प्रचार मिळाला नाही.

आता अरदाशीचा शेवट. अरदास हा शब्द फारसी 'अर्जदाश्त'मधून आला. आपल्या जुन्या मोडी कागदांत जी 'अर्जदास्त' दिसते ती हीच. तिचं शेवटचं वाक्य असं:

नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला.

'सरबत' वाचून लिंबू आठवलं तर दोष तुमचा नाही, पण हा शब्द अरबी पेयाचा नसून 'सर्वत्र'चा वंशज आहे. सरबत दा भला म्हणजे सगळ्यांचं भलं. आणि 'भाणा' म्हणजे ईश्वराची इच्छा. पण इच्छा म्हटलं की त्यातली चव जाते. भाणा आपल्या 'भावणे'चा भाऊ आहे. 'जपजी' या प्रार्थनेत गुरू नानक म्हणतात, 'जो तुधु भावै साई भली कार'. तुला भावेल तेच काम भलं. मराठी माणसाला हे भाषांतराशिवाय कळावं. तर भाणा म्हणजे त्याला जे भावलं ते. घरात मृत्यू झाला की पंजाबीत 'भाणा वरत गिआ', भाणा घडून गेला, म्हणतात. आणि तो भाणा गोड मानून घ्यावा, असं सांगतात.

इथे आपण लगेच 'ठेविले अनंते तैसेचि राहावे'कडे धावतो. नातं आहे, नाकारत नाही. पण आपल्या रोजच्या वापरात ती ओळ बहुतेक वेळा हात टेकताना येते (तुकोबांचा तो हेतू नव्हता, हे वेगळं). अरदाशीत भाणा आणि चढदी कला एकाच श्वासात आहेत, आणि मला वाटतं त्या वाक्याचं सगळं मर्म या जोडीत आहे. भाण्याशिवाय चढदी कला ही नुसती मिशीला पीळ. चढदी कलेशिवाय भाणा हा राजीनामा.

राजीनामा शब्द मुद्दाम वापरला. जपजीत 'हुकमि रजाई चलणा' आहे. यातली अरबी 'रजा' म्हणजे मर्जी, संमती, आणि तिला मान देणारा तो 'राजी'. तीच रजा मराठीत साहेबाच्या मर्जीतून सुट्टी झाली. राजीनामा मुळात संमतीचा लेख, तो आपल्याकडे नोकरी सोडण्याचा कागद झाला. एकाच धातूच्या पोटी तिकडे 'त्याच्या मर्जीत आनंदाने चालणे' आणि इकडे किरकोळ रजा. असो, ऑफिसात बसून लिहितोय म्हणून हे सुचलं असेल.

मग मराठीत काय म्हणावं? 'सकारात्मक विचारसरणी' नको, कृपा करून नको. ती प्रशिक्षण वर्गातून आलेली आहे, आणि तिच्यात 'असा विचार करा म्हणजे असं मिळेल' हा सौदा दडलेला असतो. चढदी कलेत मिळण्याची अट नाही. 'उत्कर्ष' तर उलटाच, तो परिस्थितीचा. 'उमेद' गोड शब्द आहे, पण ती उद्याकडे बघते, आणि बाबाजींचं उत्तर आजचं होतं. 'हुरूप' चार दिवस टिकतो. 'धीर' धरायचा असतो तो संकट सरेपर्यंत, त्यात दात आवळलेले असतात. 'प्रसन्नता' जवळची, पण फार स्वच्छ, इस्त्री केलेली. तिला घोड्याचा घाम नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'उभारी'. तिच्यात वर उठणं आहे, बळ आहे, आणि ती शेतातल्या पिकालाही येते. दोन उणिवा मात्र आहेत. उभारी 'येते' किंवा कुणीतरी 'देतं', म्हणजे मधे मधे ती नसतेही. आणि ती एकट्याची असते. चढदी कला अख्ख्या पंथाची म्हणून मागितली जाते, आणि लगेच सरबतचं भलं मागून पंथाच्याही बाहेर जाते. शिवाय 'चढदी' हे वर्तमानकाळी धातुसाधित आहे, चढत असलेली. या चंद्राला पौर्णिमा नाही, त्यामुळे वद्य पक्षही नाही. 'उभारी'त हे चालू असणं येत नाही.

म्हणून मी शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एकदा उलगडून सांगेन, पुढे संदर्भाप्रमाणे 'उभारी' वापरेन. तुमच्या प्रवासवर्णनात सध्या असं आहे: 'सेवादार म्हणाले, सर्व काही चारदी कला (सकारात्मक विचारसरणी) आहे.' त्याऐवजी असं करून बघा: 'कसे आहात विचारलं तर सेवादार हसून म्हणाले, चढदी कला! कळा चढतीच आहे, असं. आणि माझे जोडे घेऊन फडक्याने पुसायला लागले.' जोडे पुसल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंय, लेखात का गाळलंत कळलं नाही. ते राहू द्या, मग कंसाची गरज पडणार नाही.