फरिश्त्यांनीही विचारलं होतं

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'मी नसतो तर कुणाचं काय अडलं असतं?' ही शेवटची ओळ तू लिहिलीस आणि नंतर खोडलीस, पण खोडलेलं वाचता येतं. असा प्रश्न मनात आला म्हणजे आपलं ईमान ढासळलं, अशी तुला भीती वाटते आहे. पण माणूस मुळात हवाच कशाला, हे तुझ्याआधी फरिश्त्यांनी विचारलं होतं, तेही थेट अल्लाहला.

कुरआनातल्या सूरह बकराची (सूरह म्हणजे अध्याय) 30वी आयत, म्हणजे वचन, काढ. अल्लाह म्हणतो, मी पृथ्वीवर एक खलीफा, म्हणजे प्रतिनिधी, नेमणार आहे. फरिश्ते म्हणतात, जो तिथं उपद्रव माजवील, रक्त सांडील, त्याला? तुझी स्तुती करायला आम्ही आहोतच की! कुणी त्यांना दटावलं नाही. 'जे मला ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नाही,' एवढंच उत्तर आलं. मग पहिल्या माणसाला, आदमला, सगळ्या गोष्टींची नावं शिकवली गेली. फरिश्त्यांना ती सांगता आली नाहीत, आदमने सांगितली. या प्रसंगातली एक गोष्ट मला अजूनही चकित करते. माणसावरचा आरोप अल्लाहने खोडून काढलेला नाही. माणूस रक्त सांडणार हे खरंच होतं, फक्त तेवढंच खरं नव्हतं.

पुढचा भाग तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तो फार वेळा नुसता ऐकून सोडला जातो. आदमपुढे झुकायचं इब्लीसने, म्हणजे सैतानाने, नाकारलं. त्याचं म्हणणं काय होतं? मी आगीपासून घडलेला, हा मातीपासून. तो कच्चा माल मोजत बसला. त्या मातीत फुंकलेली रूह, म्हणजे आत्मा, त्याच्या हिशेबात आलीच नाही. तुझ्या पत्रातली दोन पानं कोण कुठे पोहोचला आणि मी कुठे राहिलो यावर गेली आहेत. रागावू नकोस, पण ती वाचताना मला हाच हिशेब आठवला.

मनाई केलेल्या झाडापाशी जाऊन चुकले तर आदम आणि त्याची जोडीदार हव्वाही. कुरआनात तो ठपका एकट्या हव्वावर नाही. दोघं घसरली, दोघं म्हणाली, 'हे आमच्या रब, आम्ही स्वतःवरच जुलूम केला,' आणि त्यांना माफी मिळाली. इब्लीसने हुज्जत घातली, या दोघांनी कबुली दिली. फरक पडला तो तिथं. त्यांचं ते पाप वारशाने आपल्याकडे आलेलं नाही. प्रत्येक मूल फितरतीवर, म्हणजे निर्मळ मूळ स्वभावावर जन्मतं, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे. आणि खलीफा पृथ्वीवरच नेमायचा हे या चुकीच्या आधीच ठरलेलं होतं, हे विसरू नकोस. आपण इथे तुरुंगवास भोगायला आलेलो नाही.

विश्व सहा दिवसांत घडवलं, त्या सहा दिवसांबद्दल विचारलंस. कुरआनात शब्द आहे यौम, म्हणजे दिवस. तुझ्या रबकडचा एक दिवस तुमच्या 1000 वर्षांसारखा, असं एके ठिकाणी येतं. दुसरीकडे 50,000 वर्षांच्या दिवसाचा उल्लेख आहे. तेव्हा ते 24 तासांचे दिवस होते असं धरून बसायचं कारण नाही. प्रत्येक सजीव पाण्यापासून केला, हेही कुरआन सांगतं. पण विज्ञानाचा नवा शोध लागला की त्यासाठी आयत हुडकायला निघणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. उद्या तो शोध चुकीचा ठरला तर आयतीचं काय करणार? विश्व कसं घडलं हे कुरआन थोडक्यात सांगतो. ते खेळ म्हणून घडवलेलं नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगतो.

आता तुझा खरा प्रश्न. 'जिन्न आणि माणूस यांना मी केवळ माझ्या इबादतीसाठी निर्माण केलं.' इबादत म्हणजे उपासना. तू विचारतोस, अल्लाहला आपल्या इबादतीची गरज काय? अरे, गरज नाहीच. सूरह जारियातची ही 56वी आयत सगळे सांगतात आणि 57वी वाचत नाहीत. 'मला त्यांच्याकडून रोजी नको, त्यांनी मला खाऊ घालावं असंही मला नको.' गरज आहे ती आपल्याला. माणूस कुणाचा ना कुणाचा बंदा, म्हणजे दास, होतोच. पैशाचा होतो, लोकांच्या नजरेचा होतो. शिवाय इबादत म्हणजे फक्त नमाज-रोजा नव्हे. अल्लाहला जे जे आवडतं, मग ते बोलणं असो की कृती, दिसणारं असो की मनातलं, ते सगळं इबादत, अशी व्याख्या मध्ययुगीन धर्मपंडित इब्न तैमिया यांनी केली आहे. प्रेषितांचे सोबती अबू दर्दा रोज उपवास धरायचे, रात्र रात्र नमाज पढायचे. दुसरे सोबती सलमान फारसी यांनी त्यांना अडवलं: तुझ्यावर रबचा हक्क आहे, तसा तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. प्रेषितांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, सलमान खरं बोलला.

तू शिक्षण अर्धवट टाकून 'अर्थ शोधायला' निघायचं म्हणतोस. थोर धर्मपंडित इमाम गझालींचं ऐक. बगदादच्या निजामिया मदरशात ते शिकवायचे, नाव सगळीकडे झालेलं. 1095 साली एक दिवस जीभच उचलेना, शिकवताच येईना. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नाही, नावासाठी, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते सगळं सोडून निघून गेले. तू इथवरचीच गोष्ट ऐकली असशील. 1106 मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवायला लागले. काम तेच, नियत बदललेली. तुला नियत तपासायला घर सोडावं लागेल असं मला वाटत नाही. तू काही गझाली नाहीस, मीही नाही.

कुरआनात एका अमानतीची, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीची, गोष्ट आहे. आकाश, पृथ्वी आणि पर्वतांपुढे ती ठेवली, ते घाबरले, माणसाने उचलली. ही अमानत म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य आणि त्याची जबाबदारी, असा अर्थ बऱ्याच भाष्यकारांनी लावला आहे. तुझं आयुष्य, बुद्धी, वेळ तुझ्याकडे सोपवलेली आहे, तुझ्या मालकीची नाही. म्हणून 'मी नसतो तर' हा हिशेब तुझ्या हातातलाच नाही. सूरह मुल्कमध्ये आधी मृत्यूचा उल्लेख आहे, मग जीवनाचा, आणि परीक्षा आहे ती कोण जास्त काम करतो याची नव्हे, कोण अधिक चांगलं करतो याची. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांमध्ये, तर आहे, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका. त्याची सावली कुणाला मिळणार, हे विचारायलाही तेव्हा कुणी उरणार नाही.

पण ती खोडलेली ओळ रात्री-अपरात्री पुन्हा मनात आली, तर पत्राची वाट पाहू नकोस. कुणाला तरी उठव, मला फोन कर. मदत मागण्यात ईमान कमी होत नाही.

आज रात्री आकाश मोकळं असेल तर बाहेर उभा राहून सूरह आलि इमरानच्या 190 आणि 191 या दोन आयती वाच, सावकाश. प्रेषित रात्री उठले की आकाशाकडे पाहून या आयती म्हणायचे. वाचताना कुठे अडलास ते मला लिही. आणि यावेळी खोडू नकोस.

तुझा,
चाचा