वॉलआय कुठे गेले? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही मिनेसोटात राहतो. मे महिन्यात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा पकडायचा सीझन उघडला त्याच शनिवारी मी आणि नवरा बोट घेऊन गेलो, सकाळी दहा ते दुपारी तीन लेकच्या मधोमध पंचवीस-तीस फूट पाण्यात जिग (वजनदार डोक्याचा गळ) टाकून बसलो पण एकही मासा लागला नाही. संध्याकाळी परत येताना बघितलं तर लोकं चक्क काठावरून पकडत होती. आमचं काय चुकलं?

उत्तर: ताई, जागा पण चुकली आणि वेळ पण. वॉलआय अंडी घालतो ते पाणी साधारण ४२ ते ५० डिग्री फॅरनहाइट असताना, उथळ दगडगोट्यांवर, आणि मिनेसोटात सीझन उघडेपर्यंत ते बहुतेक उरकलेलं असतं. मोठ्या माद्या लवकर निघून जातात पण नर बरेच दिवस तिथेच घुटमळतात, म्हणून ओढ्याचं तोंड, खडीचा काठ, दोन लेक जोडणारा अरुंद प्रवाह अशा ठिकाणी पाच ते दहा फुटात आधी बघायचं. मधलं खोल पाणी उन्हाळ्यासाठी ठेवा.

आता वेळ. या माशाच्या डोळ्यात मागे एक चमकणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं आणि ज्या छोट्या माशांना तो खातो त्यांना तेवढं दिसत नाही, मग तो भर दुपारी कशाला धडपडेल? सूर्य मावळायच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढं जरी साधलं तरी खूप. दिवसाच जायचं असेल तर ढगाळ दिवस बघा, आणि वारा ज्या काठावर आदळतोय तो काठ धरा. सगळे वाऱ्याच्या आडोशाला जातात, पण लाटांनी पाणी गढूळ होतं, उजेड कमी होतो, बारीक मासे तिकडे ढकलले जातात, वॉलआय त्यांच्या मागे येतोच.

जिग हलका घ्या, एक अष्टमांश औंसाचा, आणि त्याला जिवंत शायनर (आमिषाचा छोटा चंदेरी मासा) लावा: गळ तोंडातून घालून डोक्याच्या वरून बाहेर काढायचा, म्हणजे मासा सरळ राहतो. तळाला टेकू द्या, सहा-आठ इंच उचला, परत सोडा. सोडताना लाईन पूर्ण ढिली करू नका हो, कारण हा मासा बहुतेक वेळा जिग खाली जातानाच घेतो आणि हाताला नुसतं ‘टिक’ असं जाणवतं, कधीकधी तेही नाही, फक्त रॉड जरा जड वाटतो. मी सुरुवातीला हेच ‘टिक’ दगड समजून सोडून द्यायचो, कितीतरी मासे गेले. थंड पाण्यात हळू, अजून हळू, एवढंच लक्षात ठेवा.

आणि एक मनापासून सांगतो, मोठी मादी लागली तर फोटो काढा आणि सोडून द्या. पाच पाउंडांची मादी लाखभर अंडी घालते. खायला पंधरा-सोळा इंची जास्त चांगले लागतात. तुमच्या लेकचे वेगळे नियम असू शकतात, मिल लॅक्स या मोठ्या लेकचे आहेतच, तेव्हा आधी बघून जा.

प्रश्न: मी ओहायोत आहे. मॉमी नदीत मार्च-एप्रिलमध्ये लोकं पाण्यात उभी राहून वॉलआय पकडतात, तिथे पण हाच जिग चालेल का?

उत्तर: तिथला प्रकार वेगळा. लेक इरीतले मासे अंडी घालायला नदीत वर चढतात, जोरदार प्रवाह असतो, म्हणून लोकं खाली वजन, त्यापुढे दोनेक फूट लीडर (लाईनचा पुढचा वेगळा तुकडा) आणि टोकाला तरंगणारं जिगहेड, म्हणजे हलक्या डोक्याचा गळ, त्यावर प्लास्टिकची शेपटी असं लावतात. वजन दगडांवर टकटक करत वाहिलं पाहिजे, अडकून बसलं तर कमी करा, नुसतंच वाहत गेलं तर वाढवा. गळ एकच लावायचा, मासेमारी सूर्योदय ते सूर्यास्त, आणि गळ तोंडात न लागता पोटाला, शेपटीला लागला तर मासा लगेच सोडायचा, हा तिथला नियमच आहे. वेडरचा (पाण्यात उभं राहायला घालतात त्या वॉटरप्रूफ पँटचा) पट्टा घट्ट बांधा आणि पाणी चढलेलं असेल त्या दिवशी आत उतरूच नका.