वाचकांचे प्रश्न : सुटका झाली, पुढे काय?

(बालकांच्या तस्करीविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ओळख पटेल असा तपशील पत्रांतून काढून टाकला आहे.)

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षिका आहे. नववीतील एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. नात्यातल्या एका बाईंनी तिला शहरात ‘चांगल्या घरी’ कामाला लावले आहे, त्यापोटी काही रक्कम आगाऊ दिली आहे आणि मुलगी खुशीने गेली आहे, असे तिची आई सांगते. दीड महिन्यात मुलीचा एकही फोन आलेला नाही. आईचीच संमती असताना याला तस्करी म्हणता येईल का? मी यात पडावे का?

उत्तर : यात पडावे, आणि उशीर न करता पडावे. संमतीच्या मुद्द्यापाशी बहुतेक जण अडखळतात, म्हणून तो आधी पाहू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये (पूर्वीच्या दंड संहितेत हे कलम 370 होते) शोषणासाठी एखाद्या व्यक्तीला कामावर घेणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे याला तस्करी म्हटले आहे. धमकी आणि फसवणूक यांच्या जोडीने, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणे हाही तस्करीचा एक मार्ग म्हणून कलमात स्पष्ट नोंदवला आहे. आईच्या हातावर ठेवलेली रक्कम नेमकी येथे बसते. गुन्हा ठरवताना पीडिताची संमती विचारात घेतली जात नाही, हेही त्याच कलमात आहे. पीडित अठरा वर्षांखालील असल्यास किमान शिक्षा दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे; मुले एकाहून अधिक असतील तर किमान शिक्षाच चौदा वर्षांची आहे.

मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. चौदा वर्षांवरील मुलीने घरकाम करणे हा आपोआप तस्करीचा गुन्हा होत नाही. त्यासाठी शोषणाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण उचल फिटेपर्यंत तिला अडकवून ठेवले असेल तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो, आणि तिची कमाई दाबून ठेवली असेल तर बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 79 लागू होते. यांपैकी काय घडले आहे हे शोधणे तपास अधिकाऱ्याचे काम आहे, ते शिक्षिकेने सिद्ध करावे अशी कोणाची अपेक्षा नाही. दीड महिना मुलीचा ठावठिकाणा नाही, एवढे तक्रारीला पुरेसे आहे. बालक हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू केला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. चार महिन्यांत बालक न सापडल्यास तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यावा लागतो. ‘ती आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा.

त्या नातेवाईक बाईंना मात्र जाब विचारायला जाऊ नका, कारण त्या सावध होतील आणि मुलीची जागा बदलली जाईल. त्याऐवजी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या जनरल रजिस्टरमधील तिच्या नोंदीचा साक्षांकित उतारा घ्या. मी बालकल्याण समितीवर (सोडवलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीवर) असताना एका छाप्यानंतर समोर आलेल्या मुलीच्या पिशवीत आधार कार्ड होते आणि त्यावर तिचे वय एकोणीस होते. कार्ड नवे कोरे, लॅमिनेशनचे कोपरेही टोकदार होते. तिने शाळेचे नाव सांगितले, तिथल्या गुरुजींनी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला आणि वय चौदा वर्षे तीन महिने निघाले. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 नुसार वय ठरवताना शाळेचा दाखला आधी पाहिला जातो, तो नसल्यास ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्या यादीत आधार कार्ड नाही.

प्रश्न : ओळखीच्या एका परिचारिकेने ‘कोर्टकचेरीशिवाय’ नवजात बाळ मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. खर्च म्हणून काही रक्कम मागितली आहे. आम्ही निःसंतान आहोत. यात गैर काय?

उत्तर : यात बालकाची खरेदी-विक्री आहे. ती बाल न्याय अधिनियमाच्या कलम 81 नुसार गुन्हा असून विकणारा आणि घेणारा दोघेही त्यात सापडतात. कायदेशीर दत्तकविधान केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवरील नोंदणीने सुरू होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पूर्ण होते. प्रतीक्षा लांबते आणि ती जीवघेणी वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाल्यास त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये बजावले आहे, यावरून हे प्रकरण किती गंभीर मानले जाते याची कल्पना यावी. त्या परिचारिकेची माहिती 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या गाडीत एका माणसाबरोबर आठ मुले दिसली. सगळी तिकिटे त्याच्याकडे होती आणि कुठे उतरायचे हे मुलांना सांगता येत नव्हते. मी गप्प बसलो, ते अजून टोचते. मी कळवले असते तर नेमके काय झाले असते?

उत्तर : रेल्वेचा 139 किंवा बालकांसाठीचा 1098, कोणताही क्रमांक चालला असता. 1098 ही सेवा 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि 112 शी जोडलेली आहे. पुढच्या थांब्यावर रेल्वे सुरक्षा दलाचे जवान डब्यात आले असते. मुलांना उतरवून घ्यावे लागले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यांना बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीत किमान एक महिला असते, आणि समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढेही बालकाला नेता येते.

पहिल्या दिवशी मुले खरे बोलतातच असे नाही. एकदा समितीपुढे आणलेल्या आठही मुलांनी मला ‘मामाकडे चाललोय’ असे एका सुरात सांगितले. मामाचे नाव सर्वांना पाठ होते, पण मुले तीन वेगवेगळ्या गावांची होती आणि मामीचे नाव एकालाही सांगता आले नाही. त्यातल्या सर्वांत लहान मुलाने तिसऱ्या दिवशी जेवताना बांगड्यांच्या कारखान्याचे नाव घेतले. म्हणूनच कायद्याने सामाजिक अन्वेषण अहवालासाठी (मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या पाहणीसाठी) पंधरा दिवस आणि संपूर्ण चौकशीसाठी चार महिने दिले आहेत.

पोशाख किंवा बोली पाहून कोणाला चोर ठरवू नका. तुम्ही फक्त कळवायचे, शहानिशा यंत्रणा करील. आणि मुलांचे चित्रीकरण करून समाजमाध्यमांवर टाकू नका. बालकाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आहे. तस्करीविरुद्ध एकच सर्वंकष कायदा का नाही?

उत्तर : प्रयत्न झाला होता. 2018 चे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत ते चर्चेला आले नाही आणि 2019 मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले. 2021 मध्ये नवा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी घालणारे संविधानाचे कलम 23 मात्र पहिल्या दिवसापासून आहे. माझ्या मते आज अडचण कलमांच्या तुटवड्याची कमी आणि अंमलबजावणीची अधिक आहे. पुढचे पत्र वाचावे.

प्रश्न : माझी भाची दोन वर्षांपूर्वी एका लॉजवरील छाप्यात सुटली. बालगृहातून आता घरी आली आहे, सतरा वर्षांची आहे. छाप्याच्या दिवशी अधिकारी, गाड्या, कॅमेरे होते. त्यानंतर कोणी फिरकले नाही. आता साक्षीचे समन्स आले आहे, न्यायालय परराज्यात आहे आणि आरोपीची माणसे गावात येऊन जातात. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘त्यानंतर कोणी फिरकले नाही’ हे वाक्य मी अनेक कुटुंबांकडून ऐकले आहे. छाप्याची आकडेवारी त्याच दिवशी तयार होते. मुलगी शाळेत परत बसली का, हे मोजायला मात्र कोणाला सवड नसते. तरतुदी आहेत, पण बहुधा अर्ज केल्याशिवाय त्या हलत नाहीत.

सर्वांत आधी धमक्यांचे पाहू. साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. कोण आले, कोणत्या दिवशी, काय बोलले, गाडीचा क्रमांक काय, हे आजच एका वहीत लिहून काढा. परराज्यात जाण्याचीही सक्ती नाही. तस्करीतून सुटलेल्या बालकांची साक्ष त्यांच्या जिल्ह्यातूनच दूरदृश्य प्रणालीने नोंदवावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कार्यपद्धती लागू केली आहे. समन्ससोबत तशी विनंती सरकारी वकिलांमार्फत करा.

भरपाईसाठी निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली अंतरिम मदत मिळू शकते आणि महाराष्ट्रात लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांसाठी मनोधैर्य योजनाही आहे. तिला कर्जापोटी डांबून ठेवले होते का, हे वकिलांना जरूर सांगा, कारण वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या 2016 च्या केंद्रीय योजनेत बालकाला दोन लाख आणि लैंगिक शोषणासारख्या प्रकरणांत तीन लाख रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) लागते, आणि ते मागायचे असते हेच पुष्कळांना कळत नाही.

ती अठराची होण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतील दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वासाठी (आर्थिक मदतीसाठी) अर्ज द्या. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी अठरा ते एकवीस या वयात अनुरक्षणाची (पुढील आधाराची) सोय आहे, पण वयाची अठरा वर्षे उलटल्यावर कागद जमवायला सुरुवात केली तर मधले महिने हातचे जातात.

हे सर्व अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विनामूल्य लिहून मिळतात. ते कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असते. जाताना समन्स, बालगृहातून सोडल्याचा बालकल्याण समितीचा आदेश आणि ती वही बरोबर न्या. भाचीला पहिल्या खेपेला नेलेच पाहिजे असे नाही.