घरच्या जेलीफिन सर्व्हरवर प्रत्येकासाठी व्हिडिओची क्वालिटी वेगवेगळी कशी ठरवायची?

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. गावी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (आपले व्हिडिओ दुसऱ्या टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं सॉफ्टवेअर) आहे. त्यावर दंडार, खंजिरी भजनं, नाटकं आणि घरच्या लग्नांचे व्हिडिओ आहेत. आईबाबा घरी टीव्हीवर बघतात, बहीण नागपूरला होस्टेलवरून मोबाईलवर, मोठे भाऊ पुण्यातून, आणि हे बाहेरचे दोघं टेलस्केलनं (लांबची यंत्रं एका खाजगी नेटवर्कमध्ये आणणारं सॉफ्टवेअर) जोडलेले. संध्याकाळी दोघं एकदम बसले की व्हिडिओ अडकतो, बहिणीचा दिवसाचा दीड जीबी बघता बघता उडतो, आणि 'क्वालिटी कमी कर' हे फोनवर समजावून तुम्ही थकलात. मीही नागभीडकडच्या गावात असाच सर्व्हर सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्वालिटी ठरवायचं काम बघणाऱ्यावर सोडूच नका. ते सर्व्हरवरून, माणसागणिक तुम्हीच ठरवा. आणि आकडा काढताना सुरुवात तुमच्या अपलोडपासून करा.

स्पीड टेस्ट घेतली की सगळे डाउनलोड बघून खूश होतात, पण पुण्याला जाणारा व्हिडिओ तुमच्या अपलोडमधून जातो. तुम्ही लिहिलंय की दिवसा अपलोड 10 एमबीपीएस मिळतो आणि रात्री 5 वर येतो. मग हिशोब 5 चाच करा, कारण लोक बघतात रात्रीच. त्यातला 1 घरच्या व्हिडिओ कॉलसाठी बाजूला ठेवा. उरलेल्या 4 मधले बहिणीला 1.5, भावाला 2.5. आपल्याकडे तलावाचं पाणी पाटानं सोडताना शेवटच्या बांधीपर्यंत पोचवायचं तर वरच्या बांधीचं तोंड बारीक ठेवावं लागतं, तसाच हा प्रकार.

डेटाचा हिशोब सोपा आहे. 1 एमबीपीएसनं तासभर बघितलं की सुमारे 450 एमबी जातात. मोबाईलवर 4के मध्ये काढलेलं रेकॉर्डिंग 40 एमबीपीएसच्या आसपास असू शकतं. ते जसंच्या तसं गेलं तर दीड जीबी पाच मिनिटांत संपतो. तोच डेटा 1.5 एमबीपीएसला सव्वादोन तास पुरतो. मोबाईलच्या पडद्यावर 1.5 चं चित्र चांगलं दिसतं, विशेषतः नाटकाचं, कारण कॅमेरा एका जागी उभा असतो आणि मागचा पडदा हलत नाही. दंडारीत नाच आहे, हालचाल जास्त, तिथे थोडं धूसर होईल.

आता सेटिंग. डॅशबोर्डमध्ये युजर्स, तिथे बहिणीचं नाव, आणि प्रोफाइलमध्ये खाली 'इंटरनेट स्ट्रीमिंग बिटरेट लिमिट' असा रकाना आहे (बिटरेट म्हणजे व्हिडिओ दर सेकंदाला किती डेटा घेतो ते). त्यात 1.5 लिहा, सेव्ह करा. भावाच्या नावावर 2.5. प्लेबॅकच्या स्ट्रीमिंग पानावर हाच रकाना सगळ्यांसाठी मिळून आहे. तिथे 2 टाकून ठेवा, म्हणजे उद्या मामेभावाला नवीन खातं दिलं तरी तो मोकाट सुटणार नाही. ज्याच्या नावावर वेगळा आकडा आहे, त्याला त्याचा आकडा लागू होतो. ही मर्यादा दर स्ट्रीमला आहे. भावाकडे टीव्ही आणि मोबाईल दोन्ही चालू असतील तर 2.5 दोनदा जाईल. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा, एकच पासवर्ड सगळ्या घराला वाटू नका, नाहीतर यातलं काहीच जमणार नाही.

मर्यादा फक्त घराबाहेरच्यांना लागते, आणि बाहेरचा कोण हे जेलीफिन आयपी पत्त्यावरून ओळखतं. टेलस्केलचे पत्ते 100.64 ते 100.127 या पट्ट्यात येतात. नेटवर्किंगच्या पानावर 'लॅन नेटवर्क्स'चा (म्हणजे घरातल्या नेटवर्कचा) रकाना रिकामा असेल तर ते बाहेरचेच धरले जातात, म्हणून हा पट्टा तिथे टाकू नका. टेलस्केलनं घरचं अख्खं नेटवर्क बाहेर उघडलं असेल आणि बहीण 192.168 वाल्या पत्त्यानं येत असेल, तर सर्व्हरला ती घरातच बसलीय असं वाटू शकतं आणि मग मर्यादा लागत नाही. तिला सर्व्हरचा 100 नं सुरू होणारा पत्ता द्या. पुढे कधी रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून येणारी मागणी मध्ये घेऊन सर्व्हरकडे पोचवणारा प्रोग्राम) लावलीत तर 'नोन प्रॉक्सीज'मध्ये तिचा पत्ता भरा. न भरल्यास सगळे प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात.

लागू झालं की नाही हे बघायला बहिणीला एक व्हिडिओ लावायला सांगा आणि तुम्ही डॅशबोर्ड उघडा. तिच्या नावाखाली ट्रान्सकोडिंग (फाइल बारीक करणं) चालू दिसलं आणि कारणात बिटरेट मर्यादेबाहेर असल्याचं आलं, म्हणजे काम झालं.

पण भाऊ, खरा भार इथे आहे. मोठी फाइल चालता चालता बारीक करणं म्हणजे ट्रान्सकोडिंग, आणि ते तुमच्या जुन्या डेस्कटॉपला करायचंय. प्रोसेसर इंटेलचा असेल तर प्लेबॅकमधल्या ट्रान्सकोडिंगच्या पानावर क्विक सिंक (चिपमधल्या व्हिडिओसाठीच्या वेगळ्या भागाकडून हे काम करून घेणारी सोय) चालू करा. ही सोय इंटेलनं 2011 पासून द्यायला सुरुवात केली, पण एचईव्हीसीसाठी (नवे मोबाईल वापरतात तो व्हिडिओ फॉरमॅट) सहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि 10 बिटचं एचईव्हीसी असेल तर सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. हे नसेल तर सगळा ताण प्रोसेसरवर. आपल्याकडे ब्रह्मपुरी, चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्या गरमीत तासन्‌तास ट्रान्सकोडिंग करणारी मशीन दुपारी बंद पडली तर तिला काय बोलणार? आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर तोच भार येतो, तोही लवकर उतरतो.

त्यामुळे लोक जे व्हिडिओ वारंवार बघतात, ते आधीच लहान करून ठेवा. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. रात्री गारव्यात लावून द्या: एच.264 (जुना, बहुतेक सगळीकडे चालणारा फॉरमॅट), 720पी, ऑडिओ धरून 1.5 च्या आत, म्हणजे व्हिडिओ 1.2 एमबीपीएसला धरा. आवाज मात्र 128 केबीपीएसखाली आणू नका. झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, त्यात अर्धा जीव गाण्यात आणि संवादात असतो. चित्र थोडं मळकट झालं तर चालतं, ऑर्गनचा आवाज फाटला तर ऐकवत नाही. (नाटक मंडळाची परवानगी घेतली असेलच. नसेल तर घ्या, त्यांचं पोट त्यावर आहे.)

या लहान फाइलींची वेगळी लायब्ररी करा आणि युजरच्या ॲक्सेस पानावरून बहिणीला तीच दाखवा. मग तिच्यासाठी ट्रान्सकोडिंगची गरजच बहुधा पडत नाही. तरी तिच्या नावावरची ट्रान्सकोडिंगची परवानगी काढू नका. एखादी मोठी फाइल लायब्ररीत आली तर ती बारीक करून देणारं तेच आहे.

आईबाबांच्या टीव्हीला ही मर्यादा लागत नाही. तिथे ॲपमध्ये होम नेटवर्क क्वालिटी एकदाच सर्वात वर ठेवा आणि जमल्यास टीव्हीला लॅनची वायर जोडा. टीव्ही जुना असून एचईव्हीसी चालवत नसेल, तर त्या फाइलीही रात्रीच एच.264 करून घ्या.

आणि मर्यादा लावल्याचं बहीणभावाला सांगून ठेवा. आपल्या नेटमध्ये काही बिघडलंय असं त्यांना वाटायला नको. बहिणीला डेटा आणखी वाचवायचा असेल तर ती व्हिडिओ चालू असताना गिअरच्या खुणेतून 1.5 पेक्षा कमी निवडू शकते.