घरच्या बिअरचा चोथा थेट झाडाच्या बुंध्याशी टाकू नका

विचारलेला प्रश्न : घरी बिअर बनवतो, दर वेळी बादलीभर बार्लीचा चोथा उरतो, तो टोमॅटोच्या कुंड्यांत टाकला तर चार दिवसांत आंबट वास, चिलटं आणि झाडं पिवळी. खत म्हणून चालत नाही का? आणि खाली बसलेल्या यीस्टच्या गाळाचं काय करायचं?

चालतं की, चांगलंच चालतं, फक्त कच्चं नाही. आधी झाडं वाचवा. कुंडीतला वरचा चोथा हाताने काढून घ्या, माती वरवर भुसभुशीत करा आणि माती सुकत आल्याशिवाय पाणी देऊ नका. ओल्या चोथ्यात ७५-८० टक्के पाणीच असतं, वर साखर आणि प्रथिनं, त्यामुळे जाड थर दिला की तो घट्ट बसतो, आत हवा जात नाही, जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि आम्लं तयार होतात. तुम्हाला येणारा वास त्याचाच, आणि टोमॅटोची बारीक मुळं ते सहन करत नाहीत.

पण म्हणून हा माल फेकून द्यायचा नाही हं, सुकलेल्या चोथ्यात साधारण ३ ते ४ टक्के नत्र असतं! त्याला लागतो सुका पाला. एक बादली चोथ्याला दोन-तीन बादल्या वाळलेली पानं, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा, सगळं नीट कालवून ढीग करा, थर थर नको, थर दिले की चोथ्याचे गोळे होतात आणि आतून सडतात. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब सुटतील इतपतच ओल ठेवा. ढीग पुरेसा मोठा असेल तर आतली उष्णता ५५-६० अंशांवर जाते, मग दर आठवड्याला उलथापालथ करा आणि वास आला की अजून पाला घाला, वासाला दुसरं औषध नाही. चोथा ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी ढिगात गेला पाहिजे, झाकून ठेवलेली बादली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडवत नाही आणि उंदीर येतात ते वेगळंच. गांडूळखत करत असाल तर ताजा चोथा थोडा थोडाच द्या, एकदम घातला तर तापतो आणि गांडुळं मरतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, चोथ्यात पालाश कमी असतो, कारण तो गरम पाण्यात उतरून गोड रसाबरोबर निघून जातो. त्यामुळे फळझाडांना नुसत्या या खतावर ठेवू नका, तयार झालेल्या कंपोस्टमध्ये थोडी लाकडाची राख मिसळा. कच्च्या ढिगात राख घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. कुंडीच्या मिश्रणात हे कंपोस्ट चौथा हिस्सा पुरे.

यीस्टचा गाळ म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही, पण जिवंत यीस्ट कुंडीत ओतू नका. गाळ उकळून घ्या, थंड झाला की कमीत कमी दहापट पाण्यात मिसळून मातीत द्या, पानांवर नको, आणि महिन्यातून एकदाच. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ ढिगावर ओता, मी तर तेच सुचवेन.

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, चोथा आच्छादनाला छान, हळूहळू कुजतो. मात्र घरात कुत्रा असेल तर हॉप्स बागेत उघड्यावर अजिबात नकोत, उघड्या ढिगातही नकोत. कुत्र्याच्या पोटात गेले तर अंगाचा ताप भयंकर चढतो आणि जीवही जाऊ शकतो. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडे पळा.

आणि भांडी-बाटल्या धुतलेलं पाणी झाडांना देऊ नका, बऱ्याच क्लीनरमध्ये सोडियम असतं, ते मातीत साठत जातं आणि माती घट्ट होते. नुसत्या साध्या पाण्याने विसळलेलं असेल तर खुशाल द्या.